मागच्या सीटमागचा सिलिंडर

गॅससाठी नंबर लावला तेव्हा माझी मुलगी पोटात होती, आणि सिलिंडर प्रत्यक्ष घरी आला तेव्हा ती बालवाडीत जायला लागली होती. त्या काळी गॅस असाच मिळायचा. एजन्सीचा माणूस सायकलच्या कॅरिअरला लाल सिलिंडर बांधून गल्लीत शिरला तशा शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी ओट्यावर शेगडी मांडली, तिला हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांना चहा केला. मुरगूडला माहेरी मी चुलीवर भाकरी शिकले, लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा रॉकेलच्या स्टोवर आले. आता नुसती काडी लावायची. ना धूर, ना पंप मारणं, ना पिन घालणं. त्या दिवशी मी खरोखरच समाधानानं जेवले.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं मशीन असायचं. मी साड्यांना फॉल लावून द्यायची आणि पिको करायची. आमचे मालक, ज्यांना मी जन्मभर ‘हे’ म्हणत आले, ते एका फाउंड्रीच्या शेठची गाडी चालवायचे. पुढं त्या धंद्यात मंदी आली, शेठनी गाडी विकली आणि ह्यांना दुसरी नोकरी बघायला सांगितली. ह्यांनी नोकरी बघितली नाही. एक जुनी व्हॅन घेतली आणि शाळेच्या पोरांची ने-आण सुरू केली.

या धंद्यात माझ्या मशीनचा वाटा होता, हे सांगायला हवं. आमच्या बाजूच्या कॉलन्यांतल्या बायका साड्या घेऊन माझ्याकडं यायच्या. साडी होईपर्यंत बसायच्या, बोलायच्या. दारात हे व्हॅन धुताना दिसायचे. हे बोलायला मोजके, पण पोरांशी फार चांगले. कुठलं पोर उलटी करतं, कुणाला दप्तर मांडीवर नको असतं, कुणाची आई उशिरा फाटकात येते, सगळं ह्यांच्या ध्यानात असायचं. बायका ते बघायच्या आणि म्हणायच्या, वहिनी, आमचं पोरगं पण तुमच्याच गाडीत घाला. असं करत व्हॅन भरली. मधल्या जागेत एक लाकडी फळी टाकून हे आणखी चार पोरं बसवायचे. माझी मुलगीही त्यातच जायची.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग पेट्रोल वाढायला लागलं. वाढलं की पुन्हा थांबायचं, जरा सवय व्हायची आणि परत वाढायचं. शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या ड्रायव्हर लोकांत दुसरा विषयच नसायचा. कुणी म्हणायचं डिझेलची गाडी घ्यावी, डिझेलला सरकार सांभाळून घेतंय. पण डिझेलची जीप घ्यायची तर व्हॅन विकून भागणार नव्हतं, आणि जीपचा धूर नि थरथर शाळेच्या पोरांना सोसायची नाही, असं ह्यांचं मत. एकानं पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून बघितलं, त्याचं इंजिन दोन महिन्यांत बसलं. भाडं वाढवावं म्हणून ह्यांनी एकदा चिठ्ठ्या दिल्या. निम्म्या पालकांनी उत्तरच दिलं नाही, बाकीच्यांनी दुसऱ्या व्हॅनचं भाडं किती आहे ते सांगितलं.

त्या दुसऱ्या व्हॅनचं भाडं कमी का, ते ह्यांना ठाऊक होतं. ती घरगुती गॅसवर पळत होती.

एके दुपारी हे दोन खेपांच्या मधल्या वेळेत घरी आले. जेवले आणि जेवण झाल्यावर ओट्याखाली वाकून रेग्युलेटर काढायला लागले. मला वाटलं, नळी बदलतायत. तर सिलिंडर उचलून खांद्यावर घेतला.

‘‘कुठं न्हेताय?’’

‘‘गाडीत. उद्यमनगरात गॅसचं किट बसवून घेतलंय. एक-दोन महिनं स्टोवर भागव. दुसऱ्या सिलिंडरचा नंबर लागला की हा परत आणून देतो.’’

मी म्हटलं, पोरं असतात गाडीत. ते म्हणाले, सगळ्यांच्या गाडीत पोरंच असतात. आणि मग जरा थांबून, मला समजावल्यासारखं म्हणाले, ‘‘घरात तू ह्याच्याजवळ दिवसभर बसतीस की. तवा भ्या वाटलं न्हाय.’’

घरातला सिलिंडर एका जागी उभा असतो आणि त्याला कुणी धडकत नाही, एवढं तेव्हा बोलता आलं असतं. पण ते सिलिंडर घेऊन उंबऱ्याबाहेर गेले होते.

एक-दोन महिने म्हणता म्हणता वर्ष गेलं. दुसरा सिलिंडर आला तोही गाडीतच गेला, कारण एक संपला की दुसरा तयार लागायचा. मी परत स्टोवर आले. आतल्या खोलीत रॉकेलचा वास भरून राहायचा आणि बाहेरच्या खोलीतल्या साड्यांना लागायचा. एका बाईनं लेकीच्या साखरपुड्याची साडी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून माझ्या नाकापाशी धरली. त्यानंतर मी स्वयंपाक उरकून दारं-खिडक्या उघडल्याशिवाय मशीनवर बसत नसे. आलेल्या साड्या ट्रंकेत ठेवायची.

हे निष्काळजी होते असं मात्र म्हणता येणार नाही. रोज सकाळी पहिल्या खेपेआधी ते वाटीत साबणाचं पाणी घेऊन गाडीपाशी जायचे. नळीच्या जोडांवर फेस लावायचे आणि बुडबुडा येतो का बघत बसायचे. मुलीची वेणी घालता घालता मला दारातून ते दिसायचं. सिलिंडर मागच्या सीटच्या पाठीमागं उभा केलेला, पट्ट्यानं आवळलेला, वरून जुनी सतरंजी. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि स्टेअरिंगजवळचं बटण दाबून गॅसवर घ्यायची. फाटकाशी पालक उभे असले की परत पेट्रोलवर घ्यायचे, म्हणजे वास यायला नको. गाडीत असा गॅस घालायला तेव्हा परवानगीच नव्हती. पोलिसांनी अडवलं तर काय करायचं हेही ठरलेलं असायचं. ते काय ठरलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

मला खरी भीती बसली ती उन्हाळ्यात. शाळा सकाळची झाली होती, सुटायची भर उन्हात. मुलगी एक दिवस घरी आली ती रुसूनच. विचारलं तर म्हणाली, मला मागच्या सीटवर बसू देत नाहीत, मोठी मुलं जागा धरतात. मी म्हटलं, मग बस की पुढं.

‘‘पुढं गरम होतंय. मागं एसी हाय.’’

मला कळेना. व्हॅनला कसला एसी? मग तिनं मला सांगितलं. सीटच्या मागं ते सतरंजीखाली आहे ना, ते गार गार असतं. त्याला पाणी सुटतं. मुलं सतरंजी बाजूला करून त्याला पाठ लावून बसतात, कुणी गाल लावतं, कुणी पाण्याची बाटली टेकवून ठेवतं. त्या जागेसाठी रोज भांडणं होतात. गॅस भरभर ओढला गेला की सिलिंडर थंड पडतो आणि बाहेरून ओला होतो, हे मला नंतर ह्यांच्याकडून कळलं. त्या वेळी मात्र माझ्या डोळ्यांसमोर एवढंच आलं, की पंधरा-वीस लेकरं त्या लोखंडाला गाल लावायला भांडतायत.

ह्यांना मी ते सांगितलं. ते अस्वस्थ झाले, हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी प्लायवूडची एक फळी कापून आणली आणि सीट नि सिलिंडरच्या मधे ठोकून बसवली. मी म्हटलं, फळीनं काय होणार आहे?

‘‘मग काय करू? गाडी हुबी करू दारात?’’

‘‘पेट्रोलवर चालवा.’’

‘‘पेट्रोलवर चालवली तर गाडी पळंल, घर न्हाय पळायचं.’’

हे काही आवाज चढवून बोलले नव्हते. आमच्याकडं एरवी साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं ऐकू येतं. पण हे असल्या वेळी हळू बोलायचे, आणि त्यामुळं पुढं बोलायची सोय राहायची नाही.

फळी बसल्यावर काही महिने मी स्वतःला गप्प केलं. सवय कशाचीही होते. सकाळी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी राहायची आणि मग मशीनवर बसायची. मशीन चाललेलं असताना बाहेर कुठं मोठा आवाज झाला, कुणाच्या लग्नात फटाक्यांची माळ वाजली, की माझा पाय थांबायचा आणि टाका चुकायचा. एवढंच.

पावसाळा संपता संपता मुलीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मजा म्हणून. त्या दिवशी शाळेत जाताना रंकाळ्याच्या कडेला पप्पांनी एकदम गाडी थांबवली. सगळ्यांना पटापट खाली उतरवलं, दप्तरं गाडीतच ठेवायला सांगितली आणि लांब नेऊन कठड्यापाशी बसवलं. सगळे दरवाजे उघडून टाकले. मग एकटेच गाडीत मागं गेले. बराच वेळ पोरं पाणी बघत बसली, गाणी म्हणत बसली, आणि शाळेची प्रार्थना चुकली.

‘‘घाण वास येत हुता आई. दोघांनी उलटी केली. पप्पा म्हणाले कुणाला सांगू नका, घरी गेल्यावर गोळ्या देतो.’’ आणि तिनं मला ती गोळी दाखवली, संत्र्याची.

हे संध्याकाळी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी वाट बघत राहिले, ते आपणहून काही बोलतात का. ते बोलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड आले होते. एकदम सुटलेल्या गॅसनं कातडी अशी थंडीनं भाजते, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला सांगितलं, रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ लागली. मी फोडांना खोबरेल लावून दिलं. त्यांच्यावर राग धरावा की त्या हाताची कीव करावी, ते मला ठरवता येईना. त्यांनी पोरांना आधी उतरवलं होतं आणि मग एकटे आत गेले होते. सिलिंडरचा वाल्व्ह बंद करताना काहीही होऊ शकलं असतं, हे त्यांना कळत होतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते साबणाची वाटी घेऊन बाहेर गेले.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांतली गोष्ट. एक बाई माझ्याकडं साडी घेऊन आल्या. इचलकरंजीच्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून नुकत्याच कोल्हापुरात आलेल्या. त्यांचा मुलगा पहिलीत होता, जूनपासून आमच्या व्हॅनमध्ये जायचा. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला एकुलता एक. बाई मऊ बोलायच्या, विचारायच्या आधी दोनदा थांबायच्या. साडीचा रंग नि फॉलचा रंग जुळवून झाला, पैसे काय ते झाले, तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, ‘‘ताई, एक विचारू का? राग मानू नका. तुमच्या गाडीत गॅस आहे का हो?’’

हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता असं नाही. पण विचारणाऱ्या बायका उत्तरही सोबत घेऊन यायच्या. गॅस नसेलच म्हणा तुमच्या गाडीत, असं म्हणायच्या आणि मी हसायची, त्याही हसायच्या. या बाईंनी तसं केलं नाही. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसल्या.

मी म्हटलं, ‘‘आहे.’’

त्या म्हणाल्या, ‘‘तुमची मुलगी पण त्यातच जाते ना?’’

‘‘जाते.’’

त्यांनी मान हलवली, उठल्या, दारात चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. साडी माझ्याकडं तशीच राहिली. त्या गेल्यावर मी तिला फॉल लावायला घेतला. उगाच बसून राहण्यापेक्षा तेवढं बरं. काही तरी जड खाली ठेवल्यासारखं वाटत होतं, पण बरं वाटत होतं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा व्हॅनमध्ये आला नाही. त्या आठवड्यात त्यांच्याच कॉलनीतली आणखी तीन पोरं बंद झाली. शनिवारी संध्याकाळी हे घरी आले ते पाय न धुताच खाटेवर बसले. मुलगी अभ्यास करत होती, तिला त्यांनी शेजारी पाठवलं.

‘‘कुणी सांगितलं त्यांस्नी?’’

‘‘मी सांगितलं.’’

मला वाटलं होतं ओरडतील. आमच्या संसारात त्यांनी माझ्यावर हात कधी उचलला नव्हता, पण त्या दिवशी उचलला असता तर मला नवल वाटलं नसतं.

‘‘आधी मला सांगायचं हुतंस.’’

‘‘तुम्हाला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं.’’

‘‘मला सांगितलंस ते घरात हुतं,’’ ते म्हणाले. ‘‘तू बाहेर सांगितलंस.’’

मी रंकाळ्याचं बोलून दाखवलं. बोटांवरच्या फोडांचं बोलून दाखवलं. ते ऐकून त्यांनी हाताची मूठ केली आणि बाहेर निघून गेले.

सोमवारी त्यांनी दोन्ही सिलिंडर घरात आणून ठेवले. एक ओट्याखाली लावला, शेगडी पेटवून बघितली, ज्योत बारीक-मोठी करून बघितली आणि बंद केली. त्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी जेवढे पालक भेटतील तेवढ्यांना गोळा करून त्यांनी सरळ सांगितलं, की गाडीत गॅस होता, आता काढला. पेट्रोलवर चालवतो, पण भाडं वाढवून द्यावं लागेल. हे मला मुलीकडून आणि नंतर एका ओळखीच्या बाईकडून कळलं. ती बाई तिथं होती. पालक एकमेकांकडं बघत राहिले म्हणे. मग एक गृहस्थ, कुठल्याशा कचेरीत कारकून होते, ते म्हणाले, ‘‘आम्ही गॅस घाला म्हणालो नव्हतो आणि पेट्रोल घालाही म्हणत नाही. तुमचा धंदा तुम्ही बघा.’’

त्या महिन्याअखेर आणखी पोरं गेली. कुठं गेली हे मला नीट ठाऊक आहे, कारण ती आमच्या गल्लीवरूनच जायची. निम्म्याहून अधिक त्या दुसऱ्या व्हॅनमध्ये बसायला लागली, जिच्यात सिलिंडर होता आणि फळीही नव्हती. इचलकरंजीच्या बाईंचा मुलगा एका रिक्षात जायला लागला. ती रिक्षा इतकी भरायची की तो ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर बसलेला दिसायचा, एक हात दांड्याला धरून. बाई साडी न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना ते सांगावं की नाही याचा विचार करत होते. त्यांनी माझ्या आधीच म्हटलं, ‘‘रिक्षात तरी गॅस नाही.’’ मी साडीची घडी करून दिली.

बाईंनी कॉलनीत सांगितलं हे चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मीही सांगितलं असतं. आणि ज्या बायका माझ्याकडं यायच्या बंद झाल्या, त्यांचंही मला कळतं. त्या माझ्यावर विश्वासून पोरं देत होत्या आणि मी इतके दिवस गप्प होते. एकीनं तसं तोंडावर सांगितलं. पण काही बायका दुसऱ्याच कारणानं यायच्या बंद झाल्या. नवऱ्याचा धंदा जिनं बुडवला तिच्याकडं साडी कशाला द्यायची, असं त्या बोलल्याचं माझ्या कानावर आलं.

वर्ष संपायच्या आत ह्यांनी व्हॅन विकली. मुरगूडकडचा एक गडी घेऊन गेला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, गॅस किट हाय न्हवं? किट अजून इंजिनाला तसंच होतं. ते आहे म्हणूनच त्यानं गाडी घेतली.

त्यानंतरची दोनेक वर्षं आमच्या घरात माणसं होती पण बोलणं नव्हतं. ‘‘आईला सांग मी जेवून येतो.’’ ‘‘आईला विचार कुलपाची किल्ली कुठं हाय.’’ मुलगी मधे उभी राहून निरोप पोचवायची. ती सिटी बसनं जायला लागली होती, मोठी व्हायला लागली होती. एकदा तिनं निरोप पोचवलाच नाही. पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, ती बघा समोरच बसलीय. हे उठून गेले, पण त्या दिवसापासून थोडं थोडं माझ्याशी बोलायला लागले.

ह्यांना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम मिळालं. कामगारांना ने-आण करणारी बस, कंत्राटदाराची. डिझेलवरची. तोपर्यंत डिझेलही पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, तेही वाढत चाललं होतं. कंत्राटदार ड्रायव्हरांच्या मागं लागायचा, गाडी किती पळाली आणि डिझेल किती खाल्लं, याचा हिशेब मागायचा. एकदा जेवताना हे म्हणाले, उतार आला की इंजिन बंद करा म्हणून सांगतोय.

मी विचारलं, ‘‘मग तुमी काय करता?’’

‘‘बंद करतो.’’ त्यांनी घास तसाच हातात धरला. ‘‘आता हे बी सांगून येणार हाईस का कुणाला?’’

बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असायची, शिफ्ट करून दमलेली, झोपलेली. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, एवढं मला ठाऊक होतं. मी त्यांना भाजी वाढली. कुणाला सांगायचं होतं? कंत्राटदाराला ठाऊक होतं, कंपनीला ठाऊक असणार, कामगारांनाही उताराला आवाज बंद झालेला कळत असेलच. मी कुणाला सांगितलं नाही. पुढं काही महिन्यांनी हे आपणहून म्हणाले, मी इंजिन बंद करत न्हाय आता, पगारातनं काय कापायचं ते कापू दे. का, ते सांगितलं नाही.

माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही मुरगूडला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरून चालत निघालो तर ह्यांनी माझा दंड धरला. रस्त्याच्या कडेला आमची व्हॅन उभी होती. रंग तोच, मागच्या काचेला तडा गेलेला तोच. आत माणसं बसत होती, कोंबड्यांची पाटी वर चढत होती. व्हॅन घेतलेला गडी दारात उभा राहून गिऱ्हाइकं ओढत होता. ह्यांना बघून तो खूश झाला.

‘‘काय पावणं, वळखली का गाडी? अजून इंजिनाला हात लावाय लागला न्हाय.’’

ह्यांनी मागं जाऊन वाकून बघितलं. त्याचा सिलिंडरही तसाच उभा होता, आता सतरंजीही नव्हती. फळी काढून टाकली होती, तेवढ्या जागेत एक माणूस बसतो म्हणून. हे त्याच्याशी बराच वेळ बोलत उभे राहिले, नळी बदल म्हणाले, जोड बघत जा म्हणाले. तो हो हो म्हणाला.

मांडवाकडं चालत जाताना ह्यांनी मला विचारलं, ‘‘झालं का काय त्या गाडीला?’’

‘‘नाही झालं.’’

‘‘मग?’’

लग्नात मी अक्षता टाकल्या, जेवले, आहेर केला, आणि सगळा वेळ तो ‘मग’ माझ्या डोक्यात होता. त्या गाडीला काही झालं नाही. मी गप्प राहिले असते तर बहुतेक पोरं शाळा शिकून बाहेर पडली असती, आमचा धंदा राहिला असता, मुलीला निरोप पोचवावे लागले नसते. पेपरात कुठं तरी गॅसवरची गाडी पेटल्याची बातमी यायची, ती मी पूर्ण वाचायची. कुठल्या गावची, पोरं होती का, सगळं. पेपर ह्यांच्या हातात जायचा तेव्हा तेही तिथं थांबायचे, हे मला पान उलटायच्या वेळावरून कळायचं. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून कुणाचं तरी जळावं असं मला कधी वाटलं नाही. पण असल्या बातमीनंतर मला झोप लागायची, हेही खरं आहे, आणि ते मला अजून भिववतं.

पुढं गाडीतल्या गॅसला कायद्यानं परवानगी मिळाली. कोल्हापुरात गॅसचे पंप निघाले. ह्यांची कंत्राटदाराकडची नोकरी सुटली, वय वाढलं होतं, मोठी बस नको वाटायला लागली होती. त्यांनी रिक्षा घ्यायचं ठरवलं. पेट्रोलची परवडत नव्हती. गॅसवरच्या नव्या रिक्षा आल्या होत्या, कारखान्यातूनच टाकी बसवून आलेल्या. एके सकाळी ते म्हणाले, चल, बघाय जाऊ. इतक्या वर्षांत त्यांनी मला गाडी बघायला कधी नेलं नव्हतं.

दुकानातल्या मुलानं रिक्षा दाखवली, सीट दाखवली, रंग दाखवला. ह्यांनी त्याला टाकी कुठं आहे ते उघडून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, त्याचं काही काम पडत नाही. हे म्हणाले, उघडा तर खरं. त्यानं उघडलं. हे बाजूला झाले आणि मला पुढं यायला सांगितलं. मी वाकून बघितलं. जाड पत्र्याची टाकी, घट्ट बोल्ट, पितळेचा वाल्व्ह. मला त्यातलं काय कळणार होतं? तरी मी बराच वेळ बघत राहिले, कारण ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

‘‘घ्यायची का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘घ्या,’’ मी म्हटलं.

त्या रिक्षावर आमचं चाललं. आमच्या बाजूला आता नव्या शाळा झाल्या आहेत, आणि जूनमध्ये कुणी ना कुणी पालक दारात येतात. ओळखीतलं, सावकाश चालवणारं माणूस म्हणून ह्यांना विचारतात. पोराला सोडाल का, महिन्याचं ठरवून टाकू. हे हात जोडतात आणि म्हणतात, ‘‘शाळेची पोरं घेत न्हाय मी.’’ लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला पोरांचा गोंधळ नको असेल. मी आत मशीनवर असते, मला ऐकू येतं. ते का नको म्हणतात, भीतीनं, की माझ्यावरच्या रागानं, की आणखी कशानं, ते मी त्यांना विचारलेलं नाही. पालक गेले की ते आत येतात, पाणी पितात आणि रिक्षा घेऊन स्टँडकडं जातात.